प्रिन्स परत येणार होता, त्याचं काय झालं?

दोस्तांनो, जानेवारीच्या २१ तारखेला रात्री उशिरा माझ्या भाच्याचा मेसेज आला. तीनच शब्द होते, 'मामा, प्रिन्स गेला.' भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला. झोपेत क्षणभर पोटात गोळा आला, की होस्टेलवरचा कुणी मित्र वगैरे... मग पुढची लिंक उघडली आणि कळलं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या गेमची नवी आवृत्ती कायमची रद्द केली होती. त्याच्यासोबत आणखी पाच गेम रद्द, सात गेम पुढे ढकललेले, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा आणि स्वीडनमधल्या स्टॉकहोमचा असे दोन स्टुडिओ बंद.

तुमच्यातले काही जण म्हणतील, एक गेम रद्द झाला तर त्यावर एवढा लेख कशाला? इकडे कापसाचा भाव पडलाय, भरतीच्या जाहिराती निघत नाहीत, आणि तुम्हाला प्रिन्सचं पडलंय! बरोबर आहे. पण जरा थांबा. हा गेम नुसता परदेशातला नव्हता. तो आपल्या पुण्यात आणि मुंबईत तयार होत होता. तो रद्द झाला तेव्हा राणीसावरगावसारख्या गावातून या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या पोरापोरींच्या घरात एक वाक्य ऐकू आलं असणार. माझ्या बहिणीच्या घरात तर आलंच. दाजी म्हणाले, 'बगा, मी म्हणत होतो ना, गेमात काय ठेवलंय?'

त्या वाक्याला उत्तर द्यायचं म्हणून आजचा हा लेख.

काळीपिवळीतून प्रिन्सकडे

आधी ज्यांना प्रिन्स ठाऊक नाही त्यांच्यासाठी. आमच्या पिढीने संगणक पहिल्यांदा पाहिला तो क्लासमध्ये. राणीसावरगावातून काळीपिवळीत दाटीवाटीने बसून गंगाखेडला जायचं, तासभर टायपिंग आणि एक्सेल करायचं, आणि सर चहाला गेले की मागच्या रांगेतल्या जुन्या मशीनवर काळ्या पडद्यावर इंग्रजीत 'प्रिन्स' टाइप करून एंटर दाबायचं. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस तळघरात उतरायचा, आणि त्याच्याकडे असायची फक्त ६० मिनिटं. तेवढ्या वेळात राजकन्येला सोडवायचं. मेलात तर पातळी पहिल्यापासून सुरू, पण घड्याळ मागे येत नाही. गेलेला वेळ गेलाच.

आमच्याकडे ती गेम कुणाच्या तरी फ्लॉपीवरून कॉपी होऊन आलेली. मूळ गेमसोबत एक छापील पुस्तिका यायची. पहिली पातळी संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची एक खोली लागायची. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, ते बघून बरोबर बाटली प्यायची, तरच पुढे जाता येई. चोरीच्या कॉपीला अडवायची ती युक्ती होती. गंगाखेडात पुस्तिका कुठून येणार? मग अंदाजपंचे. नंतर कुणीतरी शोध लावला, की 'प्रिन्स'च्या पुढे 'मेगाहिट' असा शब्द टाइप केला की पातळ्या ओलांडून जाता येतं. तो शब्द ज्याला माहीत, त्याच्यामागे वर्गातली निम्मी पोरं फिरायची. त्या काळात ती आमची केवढी मोठी विद्या होती, काय सांगू!

तो पांढऱ्या कपड्यातला माणूस धावताना, कठड्याला लटकताना, तोल सावरताना खराखुरा वाटायचा. तसा वाटायचा कारण तो खराच होता. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावून धावायला, उड्या मारायला लावलं. त्याचं व्हिडिओ चित्रीकरण केलं, एकेक चित्र वेगळं काढलं, त्यावरून आकृती गिरवली आणि संगणकात घातली. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या सिनेमातला प्रसंग वापरला. असं करत करत १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकावर गेम आली. जवळपास सगळं काम एकट्याचं, आणि त्याला चार वर्षं लागली.

आता यातली एक गोष्ट नीट ऐका, पुढे लागणार आहे. त्या संगणकाची मेमरी अगदीच तुटपुंजी होती. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर 'गुड मॉर्निंग'चा जो फोटो पाठवता, तोसुद्धा त्यात मावणार नाही. प्रिन्सच्याच हालचालींनी मेमरी भरून गेली. दुश्मन काढायला जागाच उरली नाही. मग मेकनरने काय केलं? प्रिन्सचीच चित्रं थोडी सरकवून, उलटीपालटी करून त्यांतून एक सावली तयार केली. एक बाइटही जास्त न लागता दुसरं पात्र मिळालं. चौथ्या पातळीवर प्रिन्स आरशातून उडी मारतो आणि आरशातून त्याची सावली बाहेर पडते. पुढे ती त्याची औषधाची बाटली पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार लावते. गेममधली सगळ्यात गाजलेली कल्पना 'जागा नाही' या अडचणीतून जन्माला आली.

पुण्यातला डाव

मूळ गेम सुरुवातीला फारशी खपलीच नाही. ॲपल टू तोवर म्हातारा झाला होता. गेम गाजली ती नंतर, डॉसवर, जपानमध्ये, युरोपात आणि मग आमच्या क्लासच्या मागच्या रांगेत. पुढे ती युबिसॉफ्टकडे आली. २००३ मध्ये त्यांच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' काढली. तिची गोष्ट लिहायला खुद्द मेकनर होता. पहिल्या गेममध्ये घड्याळ मागे येत नव्हतं, हिच्यात प्रिन्सच्या हातात एक खंजीर आला. त्यातल्या वाळूने गेलेले काही क्षण परत आणता येत. दरीत पडलात? बटण दाबा, वेळ उलटी फिरेल. २००४ आणि २००५ मध्ये पुढचे दोन भाग आले, २००८ मध्ये नवी सुरुवात, २०१० मध्ये आणखी एक भाग आणि हॉलिवूडचा सिनेमाही.

मधे अजून एक गंमत झाली. प्रिन्सचाच एक पुढचा भाग बनवता बनवता त्या टीमला वेगळीच गोष्ट सुचली. राजपुत्र बाजूला राहिला आणि त्यातून २००७ मध्ये 'असॅसिन्स क्रीड' जन्मली. ती एवढी मोठी झाली, की घरातल्या थोरल्या पोराकडे कुणी बघेना. धाकट्याचं लग्न थाटात आणि थोरला वसरीत बसलेला, तशी प्रिन्सची गत झाली.

आणि मग १० सप्टेंबर २०२०. लॉकडाऊनचे दिवस. युबिसॉफ्टने जाहीर केलं, की 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने येणार, आणि ती बनवणार युबिसॉफ्ट पुणे आणि युबिसॉफ्ट मुंबई. पुण्याचा स्टुडिओ २००८ पासूनचा, मुंबईचा २०१८ चा. तोवर भारतातल्या स्टुडिओंच्या वाट्याला बहुतेक मदतीचं काम यायचं. तपासणी करा, एका मशीनवरची गेम दुसऱ्या मशीनवर आणा, दुसऱ्याच्या गेमचा एखादा तुकडा करून द्या. एवढं मोठं नाव आणि गाडी आपल्या हाती, ही नवलाई होती. माझा भाचा तेव्हा शाळेत होता. मोबाइलवर ट्रेलर दाखवत म्हणाला, 'मामा, हे आपल्या पुण्यात करायलेत!' त्या दिवशी त्याने ठरवलं की आपण हेच करायचं. दोस्तांनो, एखाद्या खेड्यातल्या पोराला दिशा मिळते ती अशीच. करिअर मार्गदर्शन शिबिरातून कमी, आणि 'आपल्यातलं कुणीतरी करतंय' यातून जास्त.

पण ट्रेलर बघून जगभरच्या चाहत्यांनी धू धू धुतलं. चेहरे जुनाट दिसतात, हे कसलं नवं, हे तर मागच्या जमान्यातलं! २१ जानेवारी २०२१ ही तारीख ठरली होती, ती १८ मार्चवर गेली. फेब्रुवारीत तीही रद्द झाली आणि पुढची तारीखच दिली नाही. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं. जून २०२४ मध्ये सांगितलं, २०२६ ला येईल. आणि २०२६ उजाडलं तेव्हा, पहिल्यांदा ठरलेल्या तारखेला बरोबर पाच वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, गेम रद्द.

दोष कुणाचा?

आता इथे सोपं काय आहे? 'पुण्यावाल्यांना जमलं नाही,' म्हणून मोकळं व्हायचं. असं म्हणणारे परदेशातले होते आणि दुर्दैवाने आपल्यातलेही होते. २०२० मध्ये ट्रेलरखाली भारतीय टीमबद्दल जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं इथे छापण्याजोगं नाही. टीका व्हायलाच हवी, ट्रेलर फिका होता हे मलाही वाटलं. पण टीका गेमवर करावी, बनवणाऱ्याच्या देशावर कशाला?

थोडा हिशोब मांडा. पुण्या-मुंबईकडून काम गेलं २०२२ ला. त्यानंतर साडेतीन वर्षं ते माँट्रियलकडे होतं. ज्यांनी मूळ गेम केली, ज्यांच्याकडे अनुभव आहे, साधनं आहेत, त्याच स्टुडिओकडे. तरीही गेम आली नाही. म्हणजे अडचण फक्त पुण्यात होती असं म्हणता येत नाही. जुन्या आवडत्या गोष्टीला नवं रूप देणं मुळातच अवघड. लोकांना ती अगदी तशीच हवी असते आणि त्याच वेळी पूर्ण नवीही हवी असते. आजीच्या हातच्या शेंगोळ्या हॉटेलात मागण्यासारखं आहे हे.

दुसरा मुद्दा असा, की चांगली गेम केली तरी पोट भरतंच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओने 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' काढली. समीक्षकांनी डोक्यावर घेतली. या मालिकेत पहिल्यांदाच पात्रं फारसी बोलली. म्हणजे पर्शियाच्या राजपुत्राला स्वतःची भाषा मिळायला ३५ वर्षं लागली बघा! एवढं करूनही विक्री कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बातमी आली, की ती टीम मोडून लोकांना दुसऱ्या कामांवर पाठवलंय. एव्हिल एम्पायर नावाच्या छोट्या फ्रेंच स्टुडिओने 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' केली, ती ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे मालिका मेलेली नाही. कंपनीने आता स्वतःची पाच घरांत वाटणी केली आहे. 'असॅसिन्स क्रीड'सारख्या कमावत्या मालिकांचं घर पहिलं, आणि प्रिन्स 'रेमन'सारख्या जुन्या मंडळींसोबत चौथ्या घरात. वाटणीत कोरडवाहू कुणाच्या वाट्याला येतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. पुढे त्याचं काय होणार, याबद्दल कंपनी ठोस काही बोलत नाही. चाहते रोज नवी अफवा चघळतात आणि वाट बघतात.

विकत घेतलं, पण आपलं झालं का?

प्रिन्सच्या बातमीत अजून एक गोष्ट लपलीय, तिच्याकडे तुमचं लक्ष हवं. २०१२ ची गोष्ट. मेकनर बरीच वर्षं पहिल्या गेमचा मूळ कोड शोधत होता. सापडत नव्हता. मग त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोकं मिळालं. त्यात जुन्या फ्लॉप्या. वीस-बावीस वर्षांच्या फ्लॉपीवरचं वाचता येईल याची काय खात्री? जुन्या संगणकांचे जाणकार बोलावले, त्यांनी एकेक फ्लॉपी जपून वाचली, आणि कोड वाचला. मेकनरने तो कुलपात ठेवला नाही. एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. आज राणीसावरगावातली एखादी मुलगी फोनवर तो उघडून बघू शकते. सावली कशी केली, दार कसं बंद होतं, सगळं त्यात आहे.

आता आजच्या गेम घ्या. बहुतेक गेम कंपनीच्या सर्व्हरवर जगतात. सर्व्हर बंद, गेम बंद. युबिसॉफ्टचीच 'द क्रू' नावाची गाड्यांची गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाली. पैसे देऊन विकत घेतलेल्यांनाही ती खेळता येईना. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू झाली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांपेक्षा जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे. विकलेली गेम बंद करताना ती कशीतरी चालू राहील अशी सोय ठेवून जा.

आपल्याला हे नवीन आहे का? सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. २०२१ मध्ये तिच्या जागी बीजीएमआय आली, जुलै २०२२ मध्ये तीही स्टोअरवरून गेली, मे २०२३ मध्ये परत आली. बंदीमागची कारणं वेगळी होती, सरकारची होती, ती योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. पण स्टँडवर, रेणुकादेवीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांनी त्या दिवशी एक गोष्ट अनुभवली. दोन-तीन वर्षं जमवलेलं सगळं सकाळी उठल्यावर नाही. म्हणून सांगतो, ज्या 'स्किन'साठी तुम्ही पाचशे रुपये घालता, ती तुमची नसते. भाड्याची असते, आणि घरमालक कधीही घर रिकामं करायला सांगू शकतो. पैसे टाकण्याआधी एवढं डोक्यात असू द्या.

दाजींना उत्तर

आता मूळ प्रश्नावर येतो. गेमात काय ठेवलंय?

दाजींची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करू. गावात 'गेम' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोबाइलवरची रमी येते, तिच्यात गेलेले पैसे येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मात्र वेगळी मान्यता दिली. म्हणजे जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हे आता कायदाही म्हणतो. घरी बोलताना हा फरक समजावून सांगा. चिडून नको, शांतपणे. कारण ज्या बापाने शेजारच्या घरात रमीने झालेलं वाटोळं पाहिलंय, त्याला तुमचा गेम डिझाइनचा कोर्स तसाच दिसणार.

दुसरं, या धंद्यात नोकरी पक्की नाही. जगभर गेल्या तीन वर्षांत मोठमोठ्या गेम कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली. पाच वर्षं एका गेमवर खपावं आणि ती कुणाला न दिसताच रद्द व्हावी, हे इथे घडतं. सँड्स ऑफ टाइमवर राबलेल्या पोरापोरींच्या हाताला लोकांना दाखवायला काय लागलं? हा विचार केला की वाईट वाटतं. जो कुणी तुम्हाला सांगेल की सहा महिन्यांचा कोर्स करा आणि लाखाची नोकरी घ्या, त्याच्या दारातूनच परत फिरा. फी किती, शिकवणारा कोण, त्याने स्वतः कोणती गेम केलीय, आधीची पोरं आज कुठे आहेत, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

पण एवढं मान्य करूनही दाजींशी माझं पटत नाही. का ते सांगतो.

पुण्यातच बघा. ज्या २०२० साली प्रिन्सचा ट्रेलर आला, त्याच साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' काढली. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी तिची नायिका. तिच्यातल्या चित्रांवर पहाडी शैलीची छाप, इमारती राजस्थानी वळणाच्या. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी गेम पूर्ण झाली आणि जगभर खेळली गेली. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' ही बॅटल रॉयल ऑक्टोबर २०२४ मध्ये आणली. कुणाला ती आवडेल, कुणाला नाही. पण मोठ्या कंपनीचा एक डाव फसला म्हणून पुण्यातलं काम थांबलं नाही. प्रिन्सवर काम केलेल्यांनी तिथे जे शिकलं, ते कंपनीला रद्द करता येत नाही. ते त्यांच्या हातातच राहतं.

सरकारही आता या विषयावर बोलतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी ३,२६८ कोटी रुपयांचं, २०५० पर्यंतचं धोरण मंजूर केलं. मुंबईत केंद्राची आयआयसीटी ही या विषयाची संस्था सुरू झाली. चांगली गोष्ट. पण आमचा सरळ प्रश्न आहे. यातलं गंगाखेडपर्यंत काय येणार? मुंबई-पुण्यात टॉवर उभे राहतील आणि आमच्या पोरांना पुन्हा तिकडे जाऊन खोलीभाडं भरावं लागेल, तर धोरण अर्धंच झालं. तालुक्याच्या कॉलेजात एक चांगली लॅब, शिकवायला एक धड माणूस आणि सुट्टीच्या दिवशीही उघडं राहणारं दार, एवढं द्या. बाकीचं पोरं बघून घेतील. या भागातल्या लोकप्रतिनिधींनी आणि प्राचार्यांनी हा विषय आत्ताच लावून धरायला हवा. धोरण कागदावर ताजं असतानाच मागणी करायची असते, नंतर निधी 'इतरत्र वळवल्याचं' कळतं.

तोवर तुम्ही काय कराल?

लॅबची वाट बघत बसू नका. गोडो नावाचं गेम बनवायचं साधन फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. शाळेतल्या पोरांसाठी स्क्रॅच आहे, त्यात कोड लिहायचीही गरज नाही, ठोकळे जोडायचे. पहिलीच गेम 'पबजीसारखी' करायला जाऊ नका, त्यात शेकडो माणसं आणि अब्जावधी रुपये लागतात. एक खोली, एक माणूस, एक दार, एवढंच करा. दार उघडलं पाहिजे आणि माणूस पडला पाहिजे. बस. ते जमलं की दुसरी खोली.

गोष्टी कुठून आणायच्या? परराज्यात कशाला जायचं? गोदाकाठच्या गंगाखेडात जनाबाईंचं जन्मगाव आहे. आपल्याकडे सोंगट्या आहेत, सूरपारंब्या आहेत, विटीदांडू आहे, पोतराज आहे, उसाच्या फडातली कोयता गाडी आहे. घरदार बांधून सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या पोरीची गोष्ट कुठल्या फ्रेंच कंपनीला सुचणार आहे? आणि ती गेम मराठीत बोलू द्या. फारसीला ३५ वर्षं लागली, आपण तेवढं थांबायची गरज नाही.

जे कराल ते जपून ठेवा. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, तारीख टाका, काय अडलं ते वहीत लिहा. मेकनर प्रिन्स करताना रोजनिशी लिहायचा, ती पुढे पुस्तक म्हणून छापली गेली. ती वाचताना कळतं, की त्या माणसालाही दर महिन्याला वाटायचं, सोडून द्यावं. तुमच्या घरातल्या कपाटातही एखादं खोकं असू द्या.

शेवटी त्या सावलीचं सांगतो. गेमच्या शेवटी प्रिन्ससमोर तीच सावली तलवार घेऊन उभी राहते. आम्ही क्लासमध्ये कितीतरी दिवस तिथे मरत होतो. तिला वार केला की आपलीच शक्ती कमी व्हायची. काही केल्या कळेना. एके दिवशी एका पोराने कंटाळून तलवार म्यान केली आणि नुसता पुढे चालत गेला. सावली येऊन प्रिन्समध्ये मिसळली. त्याच्या पुढे तर रिकामी पोकळीच दिसते, पण तिच्यात पाऊल टाकलं की पायाखाली एकेक फरशी आपोआप येते.

भाच्याला मी त्या रात्री उत्तर दिलं नाही. सकाळी फोन केला. म्हटलं, प्रिन्स गेला ते गेला, तुझ्या त्या एका खोलीच्या गेमचं कुठवर आलं? तो म्हणाला, 'दार उघडायलंय मामा, पण बंद होईना.' म्हटलं, मग बस आज त्याच्यावरच. आणि संध्याकाळी तुझ्या पप्पांना दाखव. ते आधी हसतील, मग विचारतील, 'हे बंद कसं करायचं?' तिथून पुढे बोलणं सोपं जाईल.